लहान लाटांचा संच

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. लॅब पुन्हा सुरू. स्फोटासारखी हवेची लाट सोडणारी आमची नळी दहा दिवस बंद होती, त्याचा राग गॅस अडवणाऱ्या पहिल्याच पडद्यावर निघाला. अर्धवट फाटला, लाट वाया. दुसरा नीट फुटला. बंद खोलीत लोखंडी पिंपावर कुणी एकदाच घण घालावा तसा आवाज. सोळा वर्षं ऐकतेय, अजून खांदे उचलले जातात.

नळीच्या टोकाला डिश. माणसाच्या मेंदूतल्या आधारपेशी. मीडियमने, म्हणजे पोषक द्रवाने, काठोकाठ भरून झाकण घट्ट. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तर तोच पेशी फाडतो आणि आपण ते लाटेच्या नावावर खपवतो. म्हणून भरताना मी श्वाससुद्धा रोखून धरते.

तासाभराने रंग टाकून पाहिलं. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. जवळपास सगळं हिरवं. भावे सर मागे येऊन उभे राहिले.

"जिवंत आहेत ना? मग चेहरा असा का, मंगलबाई? तुम्ही लाटेच्या बाजूने आहात की पेशींच्या?"

सर प्रमुख आहेत. हसावं लागतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी वहिनीचा फोन. दादा सकाळी दाढीचं ब्लेड आणायला गेला तो तीन तास आला नाही. शेवटी जुन्या खाणीच्या काठावर बसलेला सापडला. खाणीत आता पाणी साठलंय, पोरं पोहतात. ब्लेड खिशात होतं. घरची वाट सापडेना म्हणून बसलो, म्हणाला.

स्वतःच्या गावात.

वहिनी म्हणाली, "तसं गावबी ऱ्हायलंय कुठं, मंगलताई. जिकडंतिकडं टॉवर. कुणीबी चुकंल."

मी "हो" म्हटलं. दोघींनाही ते पटलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

कोथरूडहून दोन बस बदलून गेले. खडकवासल्याच्या अलीकडे उतरलं की आमचं गाव. गाव म्हणायचं सवयीने.

दादा ओसरीत खुर्चीवर. एकोणसाठचा आहे, सत्तरीचा वाटतो. एकतीस वर्षं सुरुंग लावले त्याने. आधी दगडखाणीत, मग विहिरींवर, शेवटची दहा-बारा वर्षं बिल्डरांच्या तळघरांसाठी. चारी बाजूंना बंगले आणि मध्ये खडक फोडायचा, काच तडकू द्यायची नाही. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लांब जाऊन थांबायचा नाही. लांब पळणारा सुरुंगवाला कसला, असं म्हणायचा. कधी दगड लागला नाही, कधी पडला नाही. अंगावर एक ओरखडा नाही.

आज मला दोनदा विचारलं, जेवलीस का. जेवताना आम्ही शेजारी बसलो होतो.

त्याच जेवणात भाकरी गार लागली म्हणून ताट भिंतीवर मारलं. मी चाळीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. नंतर स्वतःच वाकून भात गोळा करत बसला. वहिनीने हात लावला तर म्हणाला, "माझं मी करतो."

वहिनी मागच्या दारी म्हणाली, "दोन वर्सं झाली हे. कानात रातकिडा वरडतो म्हणत्यात. झोप न्हाई. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी सांगा काय झालंय."

संदेश संध्याकाळी कामावरून आला. दादाचा एकुलता. सव्वीसचा. दादाच्याच ठेकेदाराकडे लागून दोन वर्षं होतील. फेब्रुवारीत परवान्याची परीक्षा, मग स्वतः सुरुंग उडवू शकेल. कपड्यांना तोच वास. लहानपणी मी तो वास घरचा वास समजत होते.

२० नोव्हेंबर, बुधवार

सोमवारी लाट दिलेल्या डिशना अठ्ठेचाळीस तास झाले. नियमाप्रमाणे पाहायच्याच होत्या, पण आज जरा जास्त वेळ पाहिल्या.

आधारपेशी चांगली असते तेव्हा तिचे हात लांब पसरलेले असतात. एकमेकींना धरून असतात त्या. लाटेनंतर तासाभराने काही फरक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी अंग सुजल्यासारखं. आज हात आखडलेले. काही पेशी गोल होऊन एकट्या. रंग मात्र हिरवाच. जिवंतच आहेत त्या. रंगाला विचारलं तर काही बिघडलेलं नाही.

तेजस्विनी, आमची पीएचडीची मुलगी, म्हणाली, "मॅडम, तुम्ही वीस मिनिटं एकाच जागी डोळा लावून आहात."

२५ नोव्हेंबर, सोमवार

रजा. दादाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. शुक्रवारी एमआरआय काढला होता, तो घेऊन. वहिनी, मी, दादा. संदेशला काम होतं.

डॉक्टर चांगले वाटले. घाई केली नाही. फिल्म उजेडावर धरून दाखवली. कुठे रक्तस्राव नाही, गाठ नाही, वयाच्या मानाने ठीक. थोडी साखर आहे. थोडं नैराश्य असावं, काम सुटल्यावर होतं पुरुषांना.

मी सुरुंगांचं सांगितलं.

"डोक्याला कधी मार? बेशुद्ध पडले होते?"

"नाही. पण लाट रोज लागायची. जवळून."

"मॅडम, नुसत्या हवेच्या धक्क्याने असं होतं का, यावर बोलतात लोक. पण या फोटोत मला तसं काही दिसत नाही. दिसत नाही ते मी कसं लिहू?"

त्यांचं चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते. फिल्ममध्ये मेंदू दिसतो, पेशीचे हात दिसत नाहीत. आणि जिवंत माणसाचा मेंदू माझ्या मायक्रोस्कोपखाली येत नाही.

दादा रिक्षात म्हणाला, "बघ. काय न्हाई झालं मला." खूश होता. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सरांना विचारलं. आपण एक मोठी लाट देतो आणि पाहतो. लहान लाट, एकटी काही न करणारी, पण रोज एक, असं केलं तर?

सर म्हणाले, "आपला प्रकल्प मोठ्या लाटेचा आहे. लहान लाटेवर कुणी आपल्याला बोलावलेलं नाही."

मी उभी राहिले.

"काय कारण, मंगलबाई? अचानक?"

सांगितलं. सगळं नाही. भाऊ, खाण, सुरुंग, एवढंच.

सर बराच वेळ चष्मा पुसत होते. "म्हणजे उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. आता फक्त प्रयोग हवाय."

लागलं. कारण खरं आहे ते.

नंतर म्हणाले, शनिवारी नळी रिकामी असते. बाकीचे दिवस सगळ्यांच्या आधी येऊन करा. पातळ पडदे कपाटात आहेत. आणि मोजताना कुठली डिश कसली हे तुम्हाला कळता कामा नये. ती व्यवस्था तेजस्विनीने करायची.

७ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर सातला लॅबमध्ये. तीन प्रकार. एकात रोज एक लहान लाट. दुसऱ्यात एकदाच. तिसरा नुसता नळीला बांधायचा, तेवढाच वेळ ठेवायचा, पडदा फोडायचा नाही. तिसरा नसला की सगळंच थोतांड. डिश हलवण्यानेसुद्धा पेशी रुसतात.

पातळ पडद्याचा आवाज लहान. टाळी वाजवल्यासारखा. एवढ्याने काय होणार, असं वाटतंच.

१० डिसेंबर, मंगळवार

बुरशी. दोन डिशमध्ये कापसासारखे पुंजके, म्हणजे बाकीच्यांतही असणार. सगळा संच ब्लीचमध्ये. दहा दिवस गेले.

चूक माझीच. शनिवारी वहिनीचा फोन आला तेव्हा निर्जंतुक हूडमध्ये हात होता, हातमोजा न बदलता पुन्हा आत घातला. सोळा वर्षं मी मुलींना हेच शिकवत आलेय.

सरांना सांगितलं. "बुरशीला तुमच्या भावाविषयी काही माहीत नसतं," म्हणाले. कडू आहेत, पण दुसरा संच लावायला नवीन पेशी स्वतः काढून दिल्या.

२२ डिसेंबर, रविवार

गेले नाही गावाला. जायला हवं होतं. कपाट आवरत बसले.

आई-आबा वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा मी सातवीत होते. दादा खाणीत लागला तो तेव्हा. मामा म्हणाले होते, पोरीला पुढे कशाला शिकवतोस. दादा म्हणाला, मी दगड फोडतोय तो कशासाठी मग? एमएस्सीपर्यंत नेलं. मी शहाण्यासारखी पुस्तकं वाचत होते आणि तिकडे तो दिवसातून पाच-सहा वेळा त्या लाटेत उभा होता.

सुट्टीत डबा घेऊन विहिरीवर जायची मी. सुरुंगाच्या आधी तो ओरडायचा, मंगे, कानात बोटं घाल, तोंड उघडं ठेव. छातीवर कुणी उशी मारावी तसं व्हायचं. मग धूळ. मग तो हसत यायचा.

हे सगळं मला ठाऊक होतं. सोळा वर्षं मी दर आठवड्याला पेशींना लाट देते आणि एकदाही मनात आलं नाही की ती लाट रोज खाणारा माणूस माझ्या घरातला आहे. एकदाही नाही. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

४ जानेवारी, शनिवार

दुसरा संच पूर्ण. बुरशी नाही. तेजस्विनीने झाकणांवरची नावं खरवडून आकडे टाकले, यादी तिच्या कुलपात. मला नुसते आकडे.

मोजणी सुरू. प्रत्येक डिशमध्ये ठरलेल्या जागा, प्रत्येक पेशीच्या हातांची लांबी. डोळे चुरचुरतात. ही लाटेची असणार असं वाटलं की मुद्दाम दुसरी घेते.

दादाने फोनवर मला आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

९ जानेवारी, गुरुवार

आज यादी उघडली. तेजस्विनी आकडे वाचत गेली, मी समोर लिहीत गेले.

एकच लहान लाट: काही नाही. पडदा न फोडलेल्यासारख्याच.

रोज लहान लाट: आमच्या नेहमीच्या मोठ्या लाटेपेक्षा वाईट. मेलेल्या नाहीत. पण पाचव्या दिवशी कुणी कुणाचा हात धरलेला नाही. मधल्या चोवीस तासांत सावरायला निघतात, तोवर पुढची येते. सूज उतरण्याच्या आधी पुन्हा सूज.

तेजस्विनी म्हणाली, "मॅडम, भारी आलंय हे." मग माझ्याकडे पाहिलं. चहा घेऊन आली. साखर जास्त.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर नीट आलं. घरी येऊन कपडे न बदलता तशीच बसून राहिले.

१२ जानेवारी, रविवार

गावाला गेले. जायला नको होतं, किंवा असं जायला नको होतं.

संदेशला गोठ्याकडे नेऊन बोलले. गोठ्यात आता मोटारसायकल असते. पेशींचं सांगितलं. सरळ म्हटलं, परीक्षा देऊ नकोस.

नीट ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आत्या, त्या ताटलीतल्या पेशींना कवटी हाय का?"

"नाही."

"रक्त? बाकीचं काही?"

"नाही."

"मग मानसाचं आन् त्यांचं एक कसं धरायचं? तूच म्हणायचीस ना, पुरावा पायजे."

माझीच शाळा. खरं तर अभिमान वाटायला हवा. म्हटलं, एक धरता येत नाही. पण भीती वाटण्याइतकं आहे.

"भीती तर आधीपासूनच हाय की. दुसरं काय येतं मला? ह्या सगळ्या बिल्डिंगी उभ्या ऱ्हायल्यात त्यांचं तळ आम्ही फोडलंय. तिथं वॉचमन होऊ?"

दादा दारात उभा होता. किती वेळ, माहीत नाही. त्याला काल काय झालं आठवत नाही, पण हे सगळं कळलं.

"म्हंजी माझ्या कामानं मला येडं केलं, असं म्हनतीस?"

"दादा, वेडं नाही..."

"सगळा तालुका मला बलवायचा. शेजारच्या घरात पोर झोपलेलं आसलं तरी उठायचं न्हाई असा सुरुंग लावलाय मी. आन् तू आता सांगतीस, ते इख होतं."

नंतर आत गेला. मी निघाले तेव्हा बाहेर आला नाही. बस येईपर्यंत वहिनी थांबली माझ्याबरोबर. बस आली तेव्हा हातात पिशवी दिली, हरभऱ्याची भाजी.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. तिळगूळ घेऊन गेले नाही, कुणी बोलावलंही नाही. वहिनीने फोन केला, हळू आवाजात. "बोलायचं न्हाई तिच्याशी, असं म्हनत्यात. बाकी समदं इसरत्यात, ह्येच तेवढं ध्यानात ऱ्हायलंय."

लॅबमध्ये तेजस्विनीने वडी दिली. गोड बोला म्हणाली. मी काय बोलणार.

२० जानेवारी, सोमवार

सरांनी सगळे कागद वाचले. लाल पेन कुठेच नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"अजून एकदा हेच येऊ दे. तोपर्यंत भिंतीलाही सांगायचं नाही."

"भाच्याला सांगून झालं, सर."

"मग?"

"म्हणाला, पेशींना कवटी असते का."

सर हसले नाहीत. "त्याला इकडे घ्यायला हवा होता. आपल्या परीक्षकांनाही इतकं सुचत नाही." मग कागद परत देत, "आणि हे पहा. यात तुमच्या भावाचा शब्द कुठे येऊ देऊ नका. एका माणसाचं दुःख कागदात आलं की लोक कागद बाजूला ठेवतात आणि दुःखच वाचतात."

दारापर्यंत गेले तर म्हणाले, "बाई, रजा हवी तर घ्या. मीही माणूसच आहे, पुण्यात जन्मलो तरी."

रजा घेतली नाही. तिसरा संच लावायचाय.

२५ जानेवारी, शनिवार

संदेशचा फोन दुपारी, कामावरून. आवाज ओळखू आला नाही आधी.

बावधनच्या बाजूला तळघराचं काम. खडकातली भोकं दारूने भरून झालेली, तारा जोडलेल्या, लाल झेंडे लावले, पहिली शिट्टी झाली, दुसरीला बटण दाबायचं. तेवढ्यात पत्र्याच्या कुंपणातून दादा आत. सकाळी घरातून निघाला होता, कसा पोचला कुणाला माहीत नाही. भरलेल्या भोकांवरून चालत, वाकून वाकून बघत. झेंडेवाल्याने आरडाओरडा केला. दादाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्याला ते स्वतःसाठी वाटलं नाही.

बटणाशी मुख्य ब्लास्टर होता. बोट काढलं त्याने. संदेश म्हणाला, "आत्या, दुसरी शिट्टी झाली असती तर..."

संदेश धावत आत गेला. दादा त्याच्यावर चिडला. भोकं फार जवळ घेतली आहेत म्हणाला, समोरच्या बंगल्याच्या काचा जातील.

नंतर मोजलं तर खरंच जवळ होती. मुख्य ब्लास्टरने दोन भोकं रिकामी करायला लावली.

हे सांगताना संदेश रडत होता की हसत होता, फोनवर कळलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

संदेश लॅबमध्ये आला. न कळवता. गेटवरून फोन, आत्या, पास पाहिजे म्हणतायत. सरांनी सही केली, कुणाचा कोण हे विचारलं नाही.

स्वच्छ शर्ट घालून आला होता. नळी बघितली. एवढीच? म्हणाला. हाताने पडदा चाचपला, किती दाबाला फुटतो विचारलं, गॅस कुठला, टोक उघडं का बंद. तेजस्विनी त्याला सांगता सांगता वहीत लिहून घ्यायला लागली. त्याने विचारलेलं एक आम्ही तपासलेलं नाही. खडकातून पायाला बसणारा हादरा. आमच्या डिशला पाय नाहीत.

मग मायक्रोस्कोप. आधी न फोडलेली दाखवली. मग रोजच्या लाटेची, पाचव्या दिवसाची. बराच वेळ डोळा लावून उभा.

"ही बाबांची धरली तर माझी कुठली?"

"तसं नसतं, संदेश."

"दोन वर्सांची दाखव ना. मधली कुठली तरी आसंल."

"मला माहीत नाही."

हे तीन शब्द मी इतक्या वेळा बोललेय. आज जड गेले.

मग डोळा न काढताच म्हणाला, दिवाळीपासून त्याच्याही कानात वाजतं. उजव्या. आईला सांगितलेलं नाही. "तू पण नको सांगू."

कँटीनमध्ये दोन इडल्या खाल्ल्या त्याने. परीक्षेचं मी विचारलं नाही. त्यानेही काढलं नाही. गेटपाशी म्हणाला, "ते बटनावरचं बोट काढलं ना, त्याला म्हायती नव्हतं माझा बाप हाय. कुनी बी आसता तरी काढलं आसतं. मी काढलं आसतं का, ते बघत बसतो रोज."

२ फेब्रुवारी, रविवार

दादा बोलला माझ्याशी. रुसवा विसरला की सोडला, विचारलं नाही. वहिनीने मला डोळ्यांनी खुणावलं, नकोच विचारू.

त्याचा चांगला दिवस होता. महिन्यातून दोन-तीन येतात. अशा दिवशी तो अगदी पहिल्यासारखा असतो आणि त्याला सगळं कळतं. ते सगळ्यात वाईट.

"पोरगं तुझ्याकडं आलतं म्हनं. काय दावलंस?"

सांगितलं. त्याला समजेल असं नाही, खरं तसं. आधारपेशी, हात, सूज. फिल्ममध्ये का दिसत नाही ते. विहिरीच्या पाण्यात वरून बघितलं तर तळाची चीर दिसत नाही, पाणी उपसावं लागतं, असं काहीसं.

"मंग माझं उपसून बगा की."

"जिवंतपणी नाही येत बघता, दादा."

थोडा वेळ बोटाने खुर्चीचा हात खाजवत होता. "मेल्यावर?"

मला हे विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. हो म्हणाले. मेल्यावर लगेच, काही तासांत, मेंदू दिला तर पातळ काप करून पाहतात. आधारपेशींचे व्रण कुठे आहेत ते दिसतं. तरी एकाच माणसावरून...

"एकावरनं न्हाई, म्हाईत हाय. पन कुनी तरी पयला लागतोच." मग म्हणाला, "आन् त्यात काय न्हाई निगालं तर पोराला सांगायचं, बापाचं डोकं शाबूत हुतं, काम चांगलं हाय. निगालं तर निगालं. खरं काय ते कळू दे."

वहिनी चुलीशी होती. उठून परसात गेली. मी मागे गेले. तुळशीपाशी उभी होती, पाठ करून.

"अख्खा मानूस जाळायचा आसतो, मंगलताई. डोकं काढून मी कुनाला जाळू? आन् तुमी हे लिवून घेनार हायसा. भन म्हून न्हाई, लॅबवाली म्हून."

खोटं नव्हतं. तो बोलत असताना माझ्या मनात काय आलं तर, किती तासांच्या आत, बर्फात कसं आणायचं, कुठल्या दवाखान्यातून. क्षणभर. पण आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरांशी बोलले. ही लॅब मेंदू घेऊ शकत नाही. शहरातला एक दवाखाना घेतो, तिकडचा फॉर्म त्यांनी मागवून दिला. दोन अटी. दादा समजून सही करतोय असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. आणि घरच्यांची संमती, म्हणजे बायकोची. तिने नंतरही नाही म्हटलं तर नाहीच.

"तुम्ही सही करू नका," सर म्हणाले. "बहीण म्हणूनही नाही."

"का?"

"उद्या काही निघालं तर तुम्हीच त्या सहीवर बोट ठेवाल, म्हणून."

तिसरा संच पहिल्या दिवसावर, सोमवारी पाचवा. सोमवारी रंग, मंगळवारी मोजणी. हा जमला तर शोधनिबंध बाहेर जाईल. आकड्यांची यादी पुन्हा तेजस्विनीच्या कुलपात.

८ फेब्रुवारी, शनिवार

त्याच डॉक्टरांकडे. दादाचा आजही बरा दिवस, नशीब. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बसवलं, त्याच्याशी एकट्याने बोलले, वीस मिनिटं. बाहेर येऊन मला म्हणाले, "त्यांना पक्कं समजलंय. माझ्यापेक्षा बरं समजलंय." लिहून दिलं.

दादाने सही केली. मग कागद हातातच धरून बसला. थोड्या वेळाने विचारलं, सही कुठं करायची? वहिनीने बोट ठेवून दाखवलं, झालीय तुमची. तो म्हणाला, आता तुझी. तिने हात पुढे केला. कागद घडी करून पदराखाली ठेवला.

बसमध्ये ती माझ्या शेजारी, दादा पुढच्या सीटवर. वारज्यापाशी म्हणाली, "त्यास्नी म्या कदी न्हाई म्हटलं न्हाई. सुरुंगाला जा म्हटलं, लांब जा म्हटलं न्हाई कदी. म्हनायला पायजे हुतं."

मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दहा वाजता संदेशची परवान्याची परीक्षा.

साडेसातला लॅबमध्ये. रंग टाकला. तिसऱ्या संचाची पहिली डिश उघडली, आकडा बघितला, बंद केली. उद्याच मोजायच्या. आज नजर भरवशाची नाही.

अकराला वहिनीला फोन केला. दादा झोपलाय. फॉर्म डब्याच्या फडताळात, तिच्या सहीची जागा कोरीच. संदेश साडेसहाला उठला, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, डबा घेतला. कागदांची फाइल घेतली का? तिने बघितलं नाही. कामावरचे बूट होते की चपला? तेही नाही. दारात थांबला म्हणे दोन मिनिटं, आई, जातो म्हणाला. कुठं ते विचारायचं धाडस झालं नाही तिला.

त्याचा फोन बंद येतोय. परीक्षेच्या खोलीत बंद ठेवायला लावतात. सुरुंगाच्या जागीही लावतात. आता चार वाजले. मी पुन्हा लावलेला नाही.